निळं फडकं

हुलान माझी धाकटी जाऊ.
सकाळी सहाला ती जाते, मी राहते.
एवढंच काय ते आमच्यातलं जाऊपण.

उलानबातरच्या उत्तरेला, टेकडीवर आमचं आवार :
नमद्याचे दोन गोल गेर, फळ्यांचं कुंपण, एक कुत्रा,
पाण्याची हातगाडी, जिचं डावं चाक कायम रुसलेलं.
खाली शहर उंच होतंय.
त्यातली एक पिवळी क्रेन हुलानची.
शिडी चढून एकदा केबिनमध्ये बसली
की जेवणाच्या सुट्टीपर्यंत खाली येणं नाही.
छातीत दूध दाटलं तर वरच पिळून सांडते, म्हणाली.
कुठे, ते मी विचारलं नाही.

तिचा तेमूलेन आठ महिन्यांचा, माझी दोघं शाळेत,
म्हणून तसं ठरलं. कुणी ठरवलं ते आठवत नाही.
मी तेव्हा बँकेत होते, खिडकी क्रमांक तीन.
नोटा मोजताना बोट टेकवायचा ओला स्पंज,
त्याचा वास अजूनही कधीकधी
पीठ मळताना येतो.

फडक्यांची भाषा हुलाननंच काढली.
पांढरं : दूध प्याला.
निळं : झोपला.
लाल : ताप, किंवा पडला, किंवा ये.
वरून आमची दोरी तिला करंगळीच्या नखाएवढी दिसते,
पण रंग कळतो.
आणि मी? मी दिसते का?
म्हणाली, हललीस तर.

एप्रिलात एका मंगळवारी वारा सुटला.
नुसता वारा, धूळ नाही, त्यामुळे लांबवरचं स्वच्छ दिसत होतं.
क्रेनचा हात वाऱ्यावर मोकळा सोडलेला,
म्हणजे काम बंद आणि उतरायचीही बंदी.
इकडे तेमूलेन तव्यासारखा तापलेला.
लाल फडकं घेऊन मी दोरीपाशी गेले,
चिमटा दातात धरून उभी राहिले.
लाल दिसलं तर ती उतरणारच,
वारा असो की काही असो.

मी निळं लावलं.

मग पोराला पाठीशी बांधून दवाखाना, दोन तास रांग.
आई कुठे आहे? डॉक्टरीणबाईंनी विचारलं.
म्हटलं, कामावर.
मीही कामावरच आहे,
हे घरी परतताना चढावर सुचलं.

रात्री तिला सांगितलं.
चहात मीठ जास्त पडलं होतं, त्याबद्दलही ती बोलली नाही.
पोराच्या कपाळावर हात ठेवला,
मग तोच हात माझ्या कपाळावर.
असं किती वेळा केलंस?
म्हटलं, दोनदा.
तीनदा केलं होतं.

पगाराच्या दिवशी ती पाकीट उघडते,
अर्धं माझ्यापुढे सरकवते.
मी मोजते. एकदा सरळ, एकदा उलट,
बँकेत मोजायचे तसं.
तिला वाटत असेल माझा विश्वास नाही.
वाटू दे.

जुलैत एका संध्याकाळी आली आणि म्हणाली,
आज आवार गेलं.
शेजारच्या प्लॉटवरच्या इमारतीनं झाकलं.
आता कुंपणाचा एक कोपरा दिसतो,
आणि कुत्रा, तो त्या कोपऱ्यात असला तर.
तिकडच्या क्रेनवरही बाईच आहे,
सकाळी हात करते.
हुलान थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली,
आपल्या इमारतीनं तिचं काय झाकलं असेल गं?

तरी मी रोज फडकी लावते.
हाताला वळण पडलंय म्हणा, किंवा दोरी रिकामी बघवत नाही म्हणा.
काल पोर पोटभर प्यालं, निवांत झोपलं,
चूल शांत, पाणी भरलेलं,
सगळं जागच्या जागी.

मी लाल लावलं.
शहराकडे तोंड करून उभी राहिले,
आणि एक हात वर करून
हलले.

कुत्र्यानं मान उचलून पाहिलं.